चांगदेवचे पाय

गॅस पेटवायच्या आधी, नळावर घागर लावायच्याही आधी पंचशीलाचं रोजचं पहिलं काम म्हणजे नवऱ्याला उभं करणं. दोन्ही हात त्याच्या काखेत घालायचे, आपला एक पाय भिंतीला टेकवायचा आणि सगळा जोर लावून ओढायचं. चांगदेव कण्हायचा.

"अगं जरा दम घे. मांड्या फाटून राहिल्यात."

"फाटू द्या. पण बसायचं नाही. उठा."

आता हे ऐकून कुणी म्हणेल, काय कैदाशीण बायको आहे. म्हणू द्या. जो म्हणेल त्यानं इंदूरच्या मिलच्या मागच्या लाइनीत, कामगारांच्या त्या खोल्यांत, दहा वर्षं काढलेली नाहीत, एवढंच समजायचं. मिलला कुलूप लागलं तेव्हा या लाइनीतले गडी हत्तीसारखे होते. साच्यावर, म्हणजे लूमवर, आठ-आठ तास उभे राहून कापड विणणारे. पोरगं नवीन लागलं आणि त्याच्या पायात गोळे आले, तर जुने कामगार त्याला खाली टेकू द्यायचे नाहीत. चालवायचे. दुखलं तर अजून चालवायचे, आणि आठवड्याभरात पोरगं सुधारायचं. मग मिल बंद झाली आणि हेच गडी ओट्यावर बसले. आज उघडेल, उद्या उघडेल, मालक बदलेल, सरकार घेईल. पत्ते पिसत, बिड्या फुंकत बसले आणि एकेक करून बसल्या जागी गेले. कुणाचं हार्ट, कुणाचा लकवा, कुणी दारूत. ज्यांनी भाजीची गाडी ढकलली, सियागंजच्या बाजारात हमाली केली, ते टिकले. यावरून लाइनीनं आपला एक कायदाच काढला: बसला तो गेला. पंचशीलाचा या कायद्यावर जेवढा विश्वास होता तेवढा कोर्टाच्या कायद्यावर नव्हता.

म्हणून चांगदेवला तिनं एक दिवस बसू दिलं नव्हतं. मिल बंद झाल्यावर त्यानं काय काय केलं ते सांगत बसत नाही. शेवटी राजवाड्याजवळच्या एका नव्या साडी शोरूमात तो दरबान लागला. काचेचा दरवाजा, आत एसी, आणि बाहेर वर्दी घालून हा उभा. ज्यानं जन्मभर कापड विणलं त्यानं आता कापड घेणाऱ्यांना सलाम ठोकायचा. पण चांगदेव कुरकुरला नाही. स्टूल मिळत नसे. मॅनेजर म्हणाला होता, "चाचा, दरबान बैठा दिखा तो दुकान की इज्जत गई." चांगदेव घरी येऊन हसत म्हणाला, "बरं हाय की. उभं राहायचाच पगार. तेच तर येतं आपल्याला." अन् तीन वर्षं तो तिथं खांबासारखा उभा राहिला.

त्या खांबाला यंदाच्या थंडीत काय झालं कुणास ठाऊक. आधी जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या. मग पोटऱ्या. मग एक दिवस लाइनीतल्या संडासातून त्याची हाक आली, "पंचशीला." उकिडवा बसलेला माणूस उठूच शकेना. बाहेर बाया बादल्या घेऊन उभ्या. तिनं आत जाऊन त्याला उठवलं तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कुणाला सांगू नको." तिनं सांगितलं नाही, पण तिच्या तोंडचं पाणी पळालं. पाय गेले तर दरवाजा गेला, दरवाजा गेला तर ओटा, आणि ओट्यावर बसला की पुढचं तिला पाठ होतं.

तिला वाटलं, हे मिलचंच दुखणं, उशिरा निघालंय. लाइनीलाही तसंच वाटलं. बाबूराव म्हणाला, "वहिनी, याला चालवा. उभ्या माणसाचं रक्त पायात असतं, ते गोठून राहिलंय." बाबूराव म्हणजे चांगदेवच्या शेजारच्या साच्यावरचा गडी, लाइनीतलं पलीकडचं घर, सख्ख्या भावापेक्षा जवळचा. तेव्हापासून रोज पहाटे बाबूराव एका बाजूनं, पंचशीला दुसऱ्या बाजूनं, असं धरून ते त्याला मिलच्या भिंतीला एक चक्कर मारून आणायचे. चांगदेवच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि बाबूराव म्हणायचा, "चल भिया, अजून थोडं. शिफ्ट संपली नाही अजून."

दोघंही त्याच्यावर जीव टाकत होते, हे लक्षात ठेवा.

तसं डॉक्टरचंही चालू होतंच. दिवाळीनंतर मल्हारगंजच्या धर्मशाळेत एका नव्या हॉस्पिटलनं फुकट तपासणीचा कॅम्प लावला होता. अख्खी लाइन रांगेत उभी राहिली. चांगदेव आणि बाबूराव, दोघांचंही रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर भला होता. त्यानं रात्रीची एक-एक गोळी लिहून दिली, म्हणाला, हार्टसाठी चांगली आहे, दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासा आणि काही दुखलं-खुपलं तर लगेच या. पण यायचं कुठं? संध्याकाळी मांडव निघाला, टेबलं उचलली आणि डॉक्टर कुठल्या कुठं. मिल चालू होती तेव्हा विम्याचा दवाखाना होता. तिथला डॉक्टर दाराशीच ओळखायचा, "काय चांगदेव, खोकला बसला का?" मिलबरोबर ते विम्याचं कार्डही गेलं. आता मेडिकलवाल्याला तीच जुनी चिठ्ठी दाखवायची आणि तो तीच गोळी काढून द्यायचा. बाबूराव महिन्याभरात गोळी विसरला आणि मग आठवेल तेव्हा घेऊ लागला. चांगदेवला विसरू द्यायला पंचशीला म्हणजे काय बाबूरावची बायको होती? एक रात्र चुकली नाही.

आणि मग त्या कॅप्सूल आल्या.

पंचशीला रामबागेत शुभदाताईंकडे स्वयंपाक करायची. शुभदाताई बँकेतल्या. बँकेनं व्हीआरएस काढली, बाईंनी घेतली, आणि घरी बसवेना म्हणून एका कंपनीत शिरल्या. दर रविवारी कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंग, टाळ्या, माइकवर एकेकाचे अनुभव. बाई लबाड नव्हत्या. लबाड असत्या तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यांचा मनापासून विश्वास होता. स्वतःच्या नवऱ्याला, श्रीकृष्णरावांना, त्या स्वतःच्या हातानं त्या कॅप्सूल द्यायच्या. पंचशीलाच्या तोंडून कोलेस्टेरॉल हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांनी कपाटातून बाटली काढून तिच्या पिशवीत घातली.

"माझ्याकडून भेट समज. लाल तांदळापासून करतात गं. चीनमध्ये शेकडो वर्षांपासून खातात. केमिकल काही नाही. नसा साफ."

"अन् डॉक्टरची गोळी?"

"ती असू दे की. ती पण चालू ठेव, ही पण दे. डबल काम होईल."

रोज दोन कॅप्सूल सुरू झाल्या. शुभदाताईंनी बाबूरावसाठीही एक बाटली दिली. ती पंचशीलानंच नेऊन त्याच्या बायकोच्या, बेबीच्या हातात ठेवली. म्हणाली, "घे गं, नसा साफ होतात." आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात. इथं तर आपणच त्याला पिशवीत घालून घरी आणला, पण हे तेव्हा तिला कोण सांगणार.

पाय बिघडत गेले तशी तिनं एक दिवस शुभदाताईंना विचारलं. बाईंनी कंपनीचं पुस्तक काढलं, चष्मा लावला. "पाय दुखणं म्हणजे नसा ब्लॉक. अजून खूप घाण आहे आत. दोनाच्या चार कर." तिनं चार केल्या. चांगदेव म्हणाला, "या घेतल्यापासूनच दुखतंय असं वाटतं." ती फटकन म्हणाली, "तुम्हाला तर उभं राहिल्यापासून दुखतंय असंही वाटेल. गिळा." तो हसला आणि गिळल्या. चांगदेव असाच होता. साच्यावर धागा तुटला तर शांतपणे गाठ मारून पुढं जाणारा. त्यानं बायकोशी वाद घातलेला लाइनीनं पाहिला नाही.

एप्रिल लागला. एक दिवस त्यानं खालच्या आवाजात सांगितलं, "लघवी लाल होऊन राहिली. मतलब, काळपट. चहासारखी."

पंचशीला घाबरली. आधी वाटलं, उन्हाळी लागली असेल. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. फरक पडेना तेव्हा पोळ्या लाटता लाटता शुभदाताईंना सांगितलं. आणि शुभदाताईंचा चेहरा उजळला.

"अगं, मग तर छानच. हाच तर मैल. नसांतला मैल सुटून खाली उतरतोय. मीटिंगमध्ये सांगतात ना, सुरुवातीला त्रास वाढतो, मग घाण बाहेर पडते. घाबरून बंद करतात तेच लोक फसतात."

किती महिन्यांनी पंचशीलाला कुणी चांगली बातमी सांगितली होती. ती घरी आली ती जवळजवळ धावतच. नळावर बेबी भेटली, तिला तिथंच सांगितलं, "मैल उतरतोय गं यांचा. आता पाय मोकळे होतील." संध्याकाळी तिनं गोडाचा शिरा केला. चांगदेवनं दोन घास खाऊन ताट सरकवलं, तर हिनं उरलेला भरवला. तिला राहून राहून रडायला येत होतं. आनंदानं.

चौदा एप्रिलला ते दरवर्षी महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी, जायचे. चांगदेवचा आजा महूच्या छावणीत पलटणीत होता. घरातली रीत अशी की जयंतीच्या दिवशी राऊपर्यंत टेम्पोनं जायचं आणि तिथून महूपर्यंत पायी. निळे झेंडे, ढोल, वाटेत सरबताचे मांडव. मिल बंद झाली त्या वर्षीही गेले होते.

यंदा आदल्या दिवशी चांगदेव म्हणाला, "या बारीला गाडीनं जाऊ का पुरं?"

तिनं लगेच हिशोब केला. आज चालायचं सोडलं की उद्या उभं राहायचं सुटणार. ती म्हणाली, "पलटणवाल्याचा नातू जयंतीला गाडीत बसून जाणार? लोक काय म्हणतील?" तिला लोकांचं काही पडलं नव्हतं. तिला त्याला टोचायचं होतं. चांगदेवला ते बरोबर टोचलं. तो म्हणाला, "चल. चालतो."

तो चालला. एका बाजूला बाबूराव, एका बाजूला ती. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तो पाय उचलत नव्हता, ओढत होता. वाटेत दोनदा म्हणाला, थांबू. दोन्ही वेळा बाबूराव म्हणाला, "थांबलास की जाम होशील भिया, चालता राहा," आणि दोन्ही वेळा तिनं काखेतला हात घट्ट केला. महूची वेस दिसायला लागली तेव्हा चांगदेव खाली बसला. पडला नाही, बसला. गुडघे मुडपले आणि माणूस रस्त्यात बसला. तिनं ओढलं. बाबूरावनं ओढलं. मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या, नुसता हात लावला तरी तो ओरडत होता. चांगदेवला ओरडताना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याची पँट ओली झाली होती आणि पांढऱ्या कापडावर तो रंग काळा होता. कुणीतरी टेम्पो थांबवला.

इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. छातीवरच्या पट्टीवर शर्वरी लिहिलेलं. तिनं लघवी बघितली, मांडी दाबली आणि विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या आणा." पंचशीलानं पिशवीतून पाकीट काढलं, बाटली काढली. बाटली डॉक्टरीणबाईनं बराच वेळ वाचली.

"या दिवसाला किती?"

"चार. मैल उतरून राहिला होता ना. म्हणून बंद नाही केल्या."

"कसला मैल?"

"नसांतला. लघवीतून."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. तिला ओरडता आलं असतं, पण ती ओरडली नाही. "मावशी, तो मैल नाही. मांस आहे ते. यांच्या मांड्यांचं, पोटऱ्यांचं मांस आतल्या आत तुटून रक्तात जातंय आणि त्यानं किडन्या तुंबल्यात. ही पाकिटातली गोळी बहुतेकांना चालते, फायदाही करते. पण कुणाकुणाचे स्नायू त्यानं दुखतात. तेव्हा थांबायचं असतं, रक्त तपासायचं असतं."

"अन् हा तर तांदूळ आहे."

"त्या तांदळावर एक बुरशी वाढवतात. त्या बुरशीत याच जातीचं औषध तयार होतं. एक गोळीतून गेलं, एक कॅप्सूलमधून. वर दिवसाला चार-चार." तिनं बाटली बाजूला ठेवली. "आणि दुखत असताना यांना आराम दिला होता ना? चालणं वगैरे बंद होतं?"

 पंचशीलाला आपलेच हात दिसत होते. ते तिनं पदराखाली घेतले.

सलाइन लागलं. मशीनवर रक्त धुवायला दोनदा नेलं. लघवीची पिशवी खाटेला टांगलेली, त्यात दोन बोटं पाणी जमायचं आणि तेही काळंच. पंचशीला त्या पिशवीकडे बघत बसायची. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, अजिबात हलवायचं नाही, पायांवर जोर पडता कामा नये. गोळी बंद, कॅप्सूल बंद, फक्त पडून राहायचं.

पण पडून राहणार कोण? चांगदेव शुद्धीवर आला की एकच म्हणायचा, "मला उभं कर."

"नाही. डॉक्टर नाही म्हणते."

"डॉक्टरला काय माहीत. पंचशीला, निजवून ठेवलंस तर मी जाईन. तूच म्हणतेस ना. धर मला. धर ना."

तो हात वर करायचा. लहान पोर कडेवर घ्यायला करतं तसे. इतके महिने तिनं ओढलं तेव्हा तो नको म्हणत होता, आणि आता तो स्वतः मागत होता तर हिनं हात मागे घ्यायचे. ती म्हणायची, "चुकलं माझं तेव्हा. ऐका हो. पडून राहा." त्याला ते कळायचंच नाही. अर्धं तापात, अर्धं लाइनीच्या कायद्यात. त्याला वाटलं, बायकोनं आपल्यावरची आशा सोडली.

चौथ्या दिवशी बाबूराव भेटायला आला. जरा लंगडतच आला, खाटेची कड धरून उभा राहिला. चांगदेवनं त्याला बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले. "बाबू, हिनं मला बसवलं. तू तरी उठव." बाबूरावनं मागचापुढचा विचार केला नाही. खाली वाकला आणि त्याच्या काखेत हात घातले. पंचशीला मधे पडली. बाबूरावच्या छातीवर दोन्ही हात ठेवून तिनं त्याला असं ढकललं की तो शेजारच्या खाटेवर आदळला. मग ती नवऱ्याच्या पायांवर आडवी झाली, त्याला उठताच येऊ नये म्हणून. सगळा वॉर्ड बघत होता.  चांगदेवनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पुन्हा तिच्याकडे केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं हार्ट थांबलं. ज्या हार्टसाठी हा सगळा आटापिटा केला तेच. डॉक्टरीणबाई म्हणाली, रक्तात क्षार फार वाढले होते.

लाइनीनं चांगदेवला खांद्यावर नेलं आणि आपला कायदा आणखी पक्का करून घेतला. उभा होता तोवर जिवंत होता, निजवला आणि गेला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण नळावर बाया तिला बघून आवाज खाली करायच्या. महूला सासरी असलेली तिची लेक धम्मदीना आली होती. तीही एकदा म्हणून गेली, "आई, थोडं तरी उठवायचं होतं गं."

पंचशीलाला रडायलाही सवड नव्हती. ती दहनाच्या संध्याकाळीच बाबूरावच्या दारात गेली. "त्या कॅप्सूल फेका. आत्ता. माझ्यासमोर." बाबूराव बाहेर गेलेला होता. बेबीनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. "हो वहिनी, फेकते. तुम्ही बसा." तिनं गोळीचं सांगितलं, बुरशीचं सांगितलं, मांसाचं सांगितलं. बेबी मान हलवत राहिली, जशी माणसं वेड्या बाईपुढं हलवतात. शेवटी म्हणाली, "डॉक्टर असंच म्हणतात वहिनी. माणूस त्यांच्या हातून गेला की दुसऱ्याच्या औषधावर ढकलतात." पंचशीला तिथून उठली ती थेट रामबागेत गेली. शुभदाताईंनी तिला जवळ घेतलं, त्यांना खरंच रडू आलं.

"ताई, साहेबांचे पाय दुखतात का?"

"यांचे? गुडघे दुखतात जरा. वय झालं ना." बाईंनी तिच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "चढताना मांड्या भरून येतात म्हणतात." आणि तिला तसंच दारात सोडून त्या आतल्या खोलीकडे गेल्या, चप्पल एक पायात, एक बाहेर. एका घरी तरी पोचलं, असं पंचशीलाला वाटलं. लाइनीत मात्र पोचत नव्हतं.

पुण्यानुमोदनाला लाइनीतच मांडव घातला. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी चांगदेवचा वर्दीतला फोटो. मिलचे जुने गडी झाडून आले होते. सतरंजीवर दाटीवाटीनं बसले. बाबूराव पुढंच होता. त्रिशरण झालं, पंचशील झालं, दोघातिघांनी चार शब्द सांगितले. बाबूरावनं बसल्या बसल्याच माइक घेतला आणि म्हणाला, "आमचा चांगदेव कधी बसला नाही." त्यानं माइक मागे देऊन टाकला.

मग बौद्धाचार्य म्हणाले, "सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं आदरांजली वाहावी."

सगळे उठले. बाबूराव उठला नाही. त्यानं एक हात जमिनीवर टेकला, दुसरा मांडीवर, जोर लावला आणि परत खाली आला. पुन्हा लावला. मागून बेबी आली, सराईतासारखे दोन्ही हात त्याच्या काखेत घातले, आणि ओढलं. तो उभा राहिला. डोळे मिटलेले, ओठ दाबलेले, पोटऱ्या थरथरत होत्या. पंचशीला फोटोजवळ हात जोडून उभी होती. तिला दिसलं.

सगळीकडे शांत होतं. ती पांढऱ्या साडीत तशीच सतरंजी तुडवत, लोकांमधून वाट काढत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या लघवीचा रंग कसा आहे?"

माणसांनी डोळे उघडले. मागं कुणीतरी हसू दाबलं. धम्मदीनानं "आई" म्हणून तिचा दंड धरला. बौद्धाचार्य म्हणाले, "बाई, दोन मिनिटं." तिनं दंड सोडवून घेतला.

"मला लाज नाही. सांगा. कसा आहे?"

बाबूराव मान खाली घालून उभा राहिला, कानापर्यंत लाल झालेला. उत्तर बेबीनं दिलं. नवऱ्याला दोन्ही हातांनी सावरून धरलं होतं तिनं, आणि ती पंचशीलाकडे बघून हसली, दुःखी बाईला बरं वाटावं म्हणून माणूस हसतो तसं.

"मैल उतरायला लागलाय वहिनी," ती हळूच म्हणाली. "काल रात्रीपासून. एकदम काळा."